साईशला गणपतीपर्यंत मुदत

आमच्या भांडुपच्या थेरपी सेंटरमध्ये संध्याकाळी कुणाच्यातच बोलायचं त्राण उरत नाही. शेवटचं मूल गेलं की मी आणि शुभदाताई चटईवरच आडव्या होतो. मग एक जण छताकडे बघत म्हणते, "आज काय झालं माहितीये?" दुसरी म्हणते, "नको यार!" तरी सांगितलं जातंच. किस्से असे साठत जातात. त्यातले साईशचे तेवढे सांगते.

साईश चार वर्षांचा, ऑटिस्टिक. स्वतःशी पुष्कळ पुटपुटतो, पण कुणाला उत्तर म्हणून एक शब्द नाही. त्याची आई मनाली एवढंच म्हणायची, "मॅडम, एकदा कुणाला तरी ओ देऊ दे त्याने." वडील जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात शब्द आजोबांचा. आजोबा मालवणकडचे, जुने गिरणी कामगार. त्यांनी पहिल्याच दिवशी मुदत दिली. "गणपतीपर्यंत बघतंय. नायतर गावाक घेऊन जातलंय कायमचो. थयसरच्या हवेत आपसूक बोलतलो!"

गावाजवळ असं सेंटर नाही. गेला की सगळं थांबणार. पण मी नुकतीच परदेशातून शिकून आले होते. गणपतीपर्यंत? आरामात!

शुभदाताई म्हणाली, "नवीन आहेस. उतरेल ताप."

* * *

पालकांसाठी मी पहिलं भाषण केलं. स्लाइड्स, व्हिडिओ, सगळं. मुलाचा मेंदू लहानपणी किती वेगाने घडतो, आत्ताचे दिवस का महत्त्वाचे...

"काही प्रश्न?"

आजोबांनी हात वर केला. "बाई, तुमचो गाव खयचो?"

"मुलुंड."

"मुलुंड ह्यो काय गाव? मूळ गाव!"

मला खरंच माहीत नव्हतं. आजोबा मागच्या रांगेकडे वळले. "स्वतःचो गाव म्हायत नाय, नि आमच्या पोराक वाट दाखवतली!"

* * *

मग साईशच्या घरी गेले. चाळीतली एक खोली, वर पोटमाळा. गोंगाट झाला की साईश कानांवर हात ठेवून किंचाळतो. मी उत्साहाने म्हटलं, "त्याला एक शांत कोपरा द्या. फक्त त्याचा."

मनालीने खोलीभर नजर फिरवली. फ्रिज, शिलाई मशीन, देव, पाण्याचं पिंप.

"पोटमाळा?" मी विचारलं.

वरून आजोबांचं डोकं बाहेर आलं. "मग माका खय ठेवतास? शोकेसमध्ये?"

* * *

मनाली त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोलायची. कुठल्या तरी नर्सरीत तिला सांगितलं होतं, एकच भाषा ठेवा, इंग्लिश ठेवा. मग दिवसभर "साईश, कम", "साईश, ईट फिश", "साईश, नो नो". तिचं सगळं इंग्लिश तेवढंच.

मी म्हटलं, "अगं, तुझ्या भाषेत बोल त्याच्याशी. काही बिघडत नाही. उलट चांगलंच आहे."

मला वाटलं, खूश होईल. ती ओढणीचं टोक पिळायला लागली.

"म्हणजे मॅडम, इतके दिवस मी त्याच्याशी बोललेच नाही का?"

तो दिवस मी चटईवर कुणालाच सांगितला नाही.

* * *

मागायला शिकवायची एक पद्धत आहे. आवडती वस्तू हातात धरायची आणि मुलाने खूण करेपर्यंत थांबायचं. मी बिस्कीट धरलं. साईश बिस्किटाकडे बघत होता. मी थांबले. छान चाललं होतं!

दारात बसलेले आजोबा उठले. माझ्या हातातलं बिस्कीट घेतलं, टेबलावरचा अख्खा पुडा घेतला आणि सगळं नातवाच्या मांडीवर ठेवलं.

"पोराक तरसवतास? कुत्रो आसा काय तो?"

"आजोबा, त्याने मागायला हवं ना!"

"आमच्या घरात पोराक मागूक लागणा नाय!"

* * *

गणपती आले तोंडावर. साईश होता तिथेच, मीही. शुभदाताईने एवढंच म्हटलं, "जाऊन भेटून ये गं."

निघायच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. बॅगा बांधलेल्या. मनाली माझ्याशी बोलायचं टाळत होती. आजोबांनी देवापुढे नारळ ठेवला होता आणि गाऱ्हाणं घालायला शेजारी जमले होते. एकाने देवाकडे मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. साईश बॅगांच्या मागे बसून डब्याचं झाकण गरगर फिरवत होता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही लेकरा गावाक निघाली हत, त्यांची वाट राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला. "ह्या पोराक ह्या बाईच्या तावडीतसून सोडव रे म्हाराजा!"

शेजारी माझ्याकडे बघून घुटमळले. तेवढ्यात बॅगांच्या मागून खणखणीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

मनालीच्या हातातली आरती कलंडली. आजोबांनी ओठ ओले केले आणि तेच मागणं, तसंच, पुन्हा मागितलं.

"व्हय म्हाराजा!" साईश. एकटाच.

आजोबांनी डोळे पुसले. मग पुन्हा हात जोडले आणि म्हणाले, "ह्या पोराक ह्या बाईकडेच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

सगळे बॅगांकडे बघत थांबलो.

साईश झाकण फिरवत होता.

आजोबांनी पुन्हा म्हटलं. झाकण फिरतच होतं.

शेवटी आम्हीच सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मी!