चुन्याची रेघ

"चूप राहा ना, बाई. गाडीले बोलू द्या."

मान खिडकीबाहेर, डोळे अर्धे मिटलेले, डाव्या हाताचं एक बोट हवेत, आणि जीप मात्र चालूच. आमच्या आरोग्य केंद्राचे ड्रायव्हर असे ऐकत.

तुमच्याही नोकरीत असं एखादं माणूस आलं असेल, ज्याच्याशी पहिल्या दिवसापासून पटलं नाही. माझ्या नोकरीत ते हे ड्रायव्हर. भामरागडच्या वाटेवर, जंगलात आमचं केंद्र. सन ब्याऐंशीच्या पुढचे ते दिवस. मी नागपूरहून कोरी करकरीत डॉक्टर होऊन आले होते. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात स्टेथोस्कोप आणि नाकाच्या शेंड्यावर राग. सगळ्यांनी 'मॅडम' म्हणावं ही माझी अट. ते 'बाई' म्हणायचे. मी त्यांना 'अरे ड्रायव्हर' म्हणायची. वयाने माझ्या वडिलांएवढे. आज 'अहो' म्हणायला तयार आहे, तर ऐकायला ते नाहीत.

जीपच्या पुढच्या डाव्या चाकापाशी आवाज होता. नाल्यात उतरताना ब्रेक दाबला की 'खडाक्'. शहरातल्या मेकॅनिकने दोनदा पाहिलं, शॉकअप बदलले, सगळं घट्ट आहे म्हणाला. आवाज जागच्या जागी. आणि यांचं एकच, "हा आवाज जात नाई तवर मी हिच्यात गरोदर बाई बसवत नाई."

मला तर आवाज ऐकूच येत नसे. कसा येणार? मी बोलत असे.

शिवाय आल्या दिवशीच हेडक्लार्कने कानात सांगितलं होतं, ड्रायव्हर लोकांना दौरा टाळायचा असला की गाडीत आवाज होतात. मी ते गाठीशी बांधलं. ते लॉगबुकात लिहीत, 'समोर आवाज आहे.' खाली मी लाल शाईने, 'नाही.'

एकदा मी स्टाफसमोर त्यांची जिरवायची ठरवली. जीपच्या मडगार्डला स्टेथोस्कोप लावला, त्यांच्यासारखेच डोळे मिटले, बोट वर केलं आणि जाहीर केलं, "सगळं नॉर्मल आहे." नर्सेस हसल्या.

"गाडी उभी, इंजिन बंद," ते म्हणाले. "मुडदा तपासून राह्यल्या काय, बाई?"

नर्सेस आणखी हसल्या. त्या दिवसापासून लढाई उघड झाली.

दुसऱ्या सकाळी पाहते तर ते चाकापाशी उकिडवे बसलेले. जीपचं वजन पेलणारे लोखंडी पाटे एकावर एक रचलेले असतात, त्यांच्यावरून खालच्या एक्सलपर्यंत, म्हणजे चाकांच्या दांड्यापर्यंत, त्यांनी चुन्याचं बोट ओढलं होतं. तंबाखूच्या डबीतला चुना!

"सरकारी गाडीला हात पुसतोस?"

"खूण हाय, बाई."

कसली खूण, हे मी विचारलं नाही. शिपायाला बोलावून ओल्या फडक्याने पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ, पुन्हा फडकं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पुसा, पुसा. हुशार हा तुमी." आणि मला वाटलं, हरले!

ते बारा वर्षं रोजंदारीवर होते. त्यांना कायम करायचा कागद शेऱ्यासाठी माझ्याच टेबलावर आला होता, आणि हे त्यांना ठाऊक होतं. तरी 'बाई'चं 'मॅडम' झालं नाही. मी शेरा लिहिला: 'कामचुकार. वाहनात दोष नसताना दोष सांगतो. भाषा उद्धट.' अक्षर फार सुंदर होतं माझं.

महिन्याभरात वरून उत्तर आलं: कमी करा.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. जाताना जीपपाशी बसले, रेघ ओढली, हात धोतराला पुसला आणि मागे न बघता निघून गेले. ती रेघ पुसायला सांगायची मी विसरले. त्या वर्षातलं माझं शहाणपण तेवढंच.

नवा ड्रायव्हर दर वाक्याला 'मॅडम' म्हणे. त्याच्याबरोबर पहिल्याच दौऱ्यात, नाल्याच्या उतारावर ब्रेक लागला, 'खडाक्' झालं आणि जीप आपल्या मनाने डावीकडे वळून बांबूच्या बेटात घुसली. लागलं कुणाला नाही. मी साडी खोचून चिखलात वाकले. रेघ मधोमध तुटली होती. अर्धी पाट्यांवर, अर्धी एक्सलवर. दोन्हींत बोटभर अंतर. पाटे एक्सलला धरून ठेवणारा आतला बोल्ट तुटून अख्खा एक्सल सरकत होता.

"मॅडम," नवा म्हणाला, "इथं कोणी तरी चुना पुसला दिसते."

मी दुसरं पत्र लिहिलं, शेरा मागे घेते म्हणून. त्याचं उत्तर आलं नाही. तेव्हा जीप दुरुस्त करून, तीच घेऊन, मी त्यांच्या गावी गेले, परत या म्हणायला. दारात त्यांची बायको उभी.

"घरी नाईत," ती म्हणाली. आतून खोकला आला. ती आत गेली, बाहेर आली. "ते म्हणतात, समोरचा आवाज गेला. डावा पाटा बरोबर बसवला म्हणतात. जा आता."

"भाऊ," मी दारातूनच म्हटलं. पहिल्यांदाच. मग बोलायचं थांबले आणि कान दिला.

आतून पुन्हा खोकलाच आला.