पहिल्या हाकेला ओ नाही

नदीच्या घाटावर किराणा दुकान टाकलं, की गिऱ्हाईक कमी आणि किस्से जास्त जमतात. नदी ओलांडणारा डोंगा पलीकडे गेलेला असला, की माणूस बाकावर बसतो, बिडी पेटवतो आणि बोलत सुटतो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. बाकीचं वाचन पुड्या बांधायच्या रद्दीवर! पण बेटावरच्या शाळेचे किस्से मला कोणत्याच रद्दीत सापडले नाहीत.

लाखांदूरची एसटी आमच्या घाटापर्यंत यायची. पुढे वैनगंगा आणि तिच्यात बेट. मोठ्यानं ओरडलं तर ऐकू जाईल, एवढंच अंतर. बेटावर मासे धरणाऱ्या ढिवरांची तीसेक घरं. शाळा आली ती सत्तर सालानंतर. डोंगा चालवणाऱ्या डोमाजीनं कचेरीत खेटे घालून घालून आणली.

*

मेश्राम गुरुजी आंधळगावचे, नोकरी नवीन. पहिल्याच दिवशी हजेरी घेतली. एकोणीस नावं पुकारली, समोर एकोणीस पोरं बसलेली, पण एकानंही तोंड उघडलं नाही! गुरुजी हट्टी. "जो ओ देणार नाही, तो गैरहजर!" महिनाभर सगळे गैरहजर!

शेवटी दुकानात येऊन म्हणाले, "शेठ, ही पोरं मुकी आहेत की काय?"

डोमाजी बाकावरच होता. "मुकी नाही जी. तुमी एकडावच हाक मारता. आमच्याकडे तिसऱ्या हाकेले ओ देतेत."

"असं का बुवा?"

"माणूस तीनदा हाक मारते. नदी एकदाच मारते. तिले ओ देली, का नेते."

गुरुजी इतके हसले, की बशीतला चहा सांडला!

*

मग हिवाळा आला. सकाळी धुक्यात गुरुजी नदीवर तोंड धुवत होते. समोरून, पाण्यावरून हाक आली, "बाल्या!"

बेटावर त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. बाल्या म्हणणारी एकच, त्यांची आई. आणि ती आंधळगावात! ओ अगदी ओठावर आली होती. ते थांबले. दुसरी हाक आलीच नाही.

त्या दिवसापासून गुरुजी प्रत्येक नाव तीनदा घ्यायला लागले. हजेरीतच अर्धा तास जायचा! मी चिडवलं, "काय गुरुजी, आता हसू नाही येत?"

"पावशेर साखर द्या शेठ," एवढंच म्हणाले.

*

बेटावरच्या कोणी नाटक पाहिलेलं नव्हतं. गुरुजींनी एक मंडळी ठरवली. मंडळी घाटापर्यंत आली आणि डोंगा पाहून अडली. "ह्याच्यात आम्ही नाही बसत बाप्पा!" मग स्टेज घाटावरच बांधलं, तोंड नदीकडे. बेटावरचे सारे आपल्या काठावर चटया टाकून बसले. दुपारी चारचा शो, अख्खं नाटक पाण्यावरून!

हिरो खूश. तोंडावरचा रंग पुसता पुसता म्हणाला, "पब्लिक मस्त होती जी! काठावरची जरा लांब पडली, पण मधात वाळूवर बसलेली एकदम जवळ. टाळ्या नाही वाजवल्या, पण एक माणूस हलला नाही!"

डोमाजी म्हणाला, "भाऊ, मधात वाळू नाही. दोन माणसं बुडतीन एवढं पाणी हाये."

मंडळीचं जेवण शिजून तयार होतं. तसंच राहिलं. सहाच्या एसटीनं सगळे पसार!

*

आता हा शेवटचा किस्सा मी डोळ्यांनी पाहिला.

कचेरीत कोणीतरी जुनं रजिस्टर काढलं. चिठ्ठी आली, 'महिनाभर एकही विद्यार्थी हजर नाही, शाळा बंद का करू नये?' डोमाजीनं ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. शाळा गेली, की पोरांना पुन्हा डोंग्यातून इकडच्या शाळेत यावं लागणार. डोमाजीची लेक जनी अशीच येताना पुरात गेली होती. आठ वर्षांची. सापडली नाही.

भर पावसाळ्यात तपासणीचे साहेब आले. गुरुजी आणि डोमाजी त्यांना घ्यायला घाटावर हजर. साहेबांनी पाणी पाहिलं. "मी इथूनच हजेरी घेतो!"

पलीकडे पोरं पावसात रांगेनं उभी. साहेबांनी पहिलं नाव पुकारलं. एकदाच. सामसूम. दुसरं पुकारलं. सामसूम.

"पाहा! समोर उभी आहेत आणि ओ देत नाहीत!" पेन टेकवणार, तोच डोमाजी वाकला. "तीनदा मारा जी साहेब. पाया पडतो."

साहेब वैतागले, पण मारल्या तीन हाका. "हजर!" एकोणीसच्या एकोणीस! साहेबांनी शेरा लिहिला, 'शाळा चालू ठेवावी.' सही केली, पेन बंद केलं. पलीकडे पोरं घराकडे पळत सुटली. काठ रिकामा झाला.

तेवढ्यात पाण्यावरून बारीक आवाज आला. एकदाच.

"माहं नाव काहून नाही घेतलं जी?"

"कोण राहिलं?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी रजिस्टर वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणीच नाही साहेब."

डोमाजीच्या हातातून डोंग्याचा दोर सुटला. गुडघाभर पाण्यात उतरून तो ओरडला, "ओ, जने! लिहून राहिले व माय, लिहून राहिले!"

साहेबांनी पेन उघडलं. "पूर्ण नाव सांगा."