अण्णांनी बसवलेली सुनावणी

"शेवटच्या रांगेला ऐकू आलं काय?"

हे वाक्य अण्णा कुठेही म्हणायचे. हेब्बाळच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पुटपुटायला लागला की म्हणायचे, लग्नात भटजींना म्हणायचे, एकदा तर दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या नर्सबाईंना म्हणाले. उजवा हात कानामागे, मान जरा तिरकी, आणि चेहऱ्यावर असा भाव की शेवटच्या रांगेतल्या बिचाऱ्या प्रेक्षकांची सगळी जबाबदारी देवानं यांच्यावरच टाकलीय. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. नसेल तर मला तुमची कीव येते.

अण्णा मूळचे निपाणीचे. सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आयटी पार्कात कंत्राटावर कामाला लागले. मीही तिथेच कंत्राटावर, टेस्टिंगला. पण आमची खरी ओळख गणपतीतल्या नाटकाची. मंडळाचं नाटक दरवर्षी अण्णाच बसवायचे. मी पुण्याची, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज होता. पहिल्याच तालमीत त्यांनी मला थांबवलं.

"काय गं, तोंडात सुपारी आहे काय? वाक्य गिळूलाईस."

मी अशी भडकले की पुढचं वाक्य ओरडूनच म्हटलं. "हां, आत्ता सरी, बरोबर," म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

कर वाचवायची ती योजनासुद्धा अण्णांनीच आणली, तालमीच्या चहाबरोबर. आमच्यासारख्या कंत्राटी लोकांचे पगार करणारी एक एजन्सी होती. ती थोडे पैसे पगार म्हणून द्यायची आणि बाकीचे कर्ज म्हणून. कर्जावर कर बसत नाही, आणि हे कर्ज कुणी परत मागणार नव्हतं. अण्णांनी स्वतः सही केली आणि भेटेल त्याला सांगत सुटले. कमिशन नाही, काही नाही. आपल्या माणसांचे चार पैसे वाचावेत एवढाच उत्साह. आम्ही सहा जणांनी पाठोपाठ सह्या केल्या. परत न करायचं कर्ज म्हणजे नेमकं काय, हे एकानंही विचारलं नाही. फुकट ते पौष्टिक.

काही वर्षांनी एजन्सीनं गाशा गुंडाळला आणि आम्हाला नोटिसा आल्या. ते कर्ज नव्हतंच, उत्पन्न होतं. मागचा सगळा कर भरा, त्यावर व्याज भरा, आणि उत्पन्न लपवलं म्हणून वर दंड, तोही कराच्या दुप्पट. आमच्या सहांतली वैशाली राजाजीनगरहून रडत आली. सुहासनं देवनहळ्ळीला हौसेनं प्लॉट घेतला होता, तो विकायची भाषा करायला लागला. अण्णांना मात्र चेव आला.

"सुनावणी आहे ना? मग तालीम करू या की."

आमच्या सीए बाईंनी आधीच सरळ सांगितलं होतं. कर आणि व्याज कुणाला चुकणार नाही. दंड वाचू शकतो, पण तुम्ही मुद्दाम काही लपवलं नाही, एका जाणत्या माणसाच्या शब्दावर विश्वासानं सही केलीत, हे पटवावं लागेल. म्हणजे त्याचं नाव घ्यावं लागेल. आणि ज्याचं नाव येईल, त्याचा दंड काही सुटायचा नाही. आम्ही सगळे चहाच्या कपात बघायला लागलो.

"सोपं आहे की," अण्णा म्हणाले. "माझं नाव घ्या."

झालं, दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये तालमी सुरू. अधिकारी अर्थातच अण्णा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज खर्जात. आम्ही एकेक करून दारातून आत यायचं. "दार ढकलून येऊ नकोस," सुहासला म्हणायचे. "नोटीस तुला आलीय, तू त्यांना दिलेली नाहीस." सुहास पुढच्या वेळी इतका वाकून आला की अक्का, म्हणजे अण्णांच्या घरच्या, उप्पिटाची ताटली घेऊन हसत आत पळाल्या. खरं सांगते, इतकं मोठं संकट डोक्यावर असताना मी रविवारची वाट बघायची.

गाडी अडायची ती एकाच प्रश्नावर.

"ही योजना कुणी सांगितली तुम्हाला?"

"ओळखीच्या एकांनी," वैशाली म्हणाली.

"नाव?"

"आठवत नाही."

अण्णा उसळलेच. "समोर बसून ओरडूलोय आणि आठवत नाही होय? नाव घे. शेवटच्या रांगेला ऐकू आलं पाहिजे."

तिनं घेतलं नाही. सुहासनं घेतलं, पण अण्णांना स्वतःला ऐकू गेलं नाही. माझी पाळी आली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, हे काय चाललंय? स्वतःच्या मानेवर सुरी फिरवायला आम्हाला शिकवताय. घर जाईल तुमचं." ते घर त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलं होतं, आणि त्याशिवाय विकायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"खोटं सांगायला शिकवूलोय काय? मीच सांगितलं होतं की." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "चल, परत पहिल्यापासून. एन्ट्री घे."

तारखा आल्या आणि कळलं, एन्ट्रीचा प्रश्नच नाही. आता सुनावणी लॅपटॉपवर असते. अधिकारी कुठल्या गावात बसलाय तेही कळत नाही. अण्णांचा चेहरा एवढासा झाला. "मग एवढं चालायला शिकवलं ते?" असं दोनदा विचारलं. आम्हा सहा जणांच्या सुनावण्या एकाच आठवड्यात लागल्या. अण्णा म्हणाले, माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे, आधी तुमचं बघू.

माझी सुनावणी सगळ्यांत शेवटी होती. तिला ते हट्टानं माझ्या घरी आले आणि लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे बसले. बाकीची उत्तरं मी धडाधड दिली, त्यांच्या तालमीसारखीच. मग तो प्रश्न आला. ही योजना तुम्हाला कुणी सांगितली? लॅपटॉपच्या वरून मला अण्णा दिसत होते. हात कानामागे, आणि ओठ हलवून स्वतःचंच नाव मला सुचवत होते.

"मला कुणी भरीला घातलं नाही, सर," मी म्हणाले. "कर वाचत होता, म्हणून मी सही केली."

अण्णांनी कपाळावर असा हात मारला की समोरून विचारणा झाली, तुमच्या खोलीत अजून कुणी आहे का? खिडकी आपटली म्हणून सांगितलं. इतका आनंद मला कुठल्याच नाटकात झाला नव्हता. अण्णा चपला घालून गेले.

त्याच संध्याकाळी सगळे त्यांच्याकडे जमलो. मग वैशाली हळूच म्हणाली, "मी नाही घेतलं नाव." सुहास उठून उभाच राहिला. "तू पण?" तू पण, तू पण, असं करत कळलं की आम्ही सहाच्या सहा जणांनी ते एकच वाक्य खाल्लं होतं. काय सांगू, नुसता धुमाकूळ. सुहासनं शिट्टी मारली, कुणीतरी धावत जाऊन म्हैसूरपाक आणला. मी अक्कांना मिठीच मारली. म्हटलं, अक्का, आता घराला कुणी हात लावत नाही. अक्का नुसत्या हसल्या.

अण्णासुद्धा हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एक वाक्य," म्हणत होते, "एवढी तालीम करून एक वाक्य म्हणता येईना." मग डोळे पुसून म्हणाले, "माझी सुनावणी झाली की. तुमच्या आधीच, सोमवारी."

"पुढच्या महिन्यात म्हणाला होतात," मी म्हटलं.

"तुम्हाला काय सांगायचं? तालमीतच कळलं होतं, तुमच्यातला एकही जण ते वाक्य म्हणणार नाही. नट वाक्य विसरला तर विंगेतनं म्हणावंच लागतं. मी म्हणून टाकलं. ह्या सहाही जणांना मीच सांगितलं, माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सह्या केल्या. सीए बाईंनी माझा जबाब तुमच्या सगळ्यांच्या केसमध्ये जोडलाय." मग अक्कांकडे वळून म्हणाले, "अगं, चहा टाक की."

अक्का शांतपणे उठल्या. त्यांना सगळं माहीत होतं. मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर, भोकाड पसरून.

आमचा सहा जणांचा दंड माफ झाला. अण्णांचा झाला नाही. आम्ही वर्गणी काढायचं ठरवलं तर त्यांनी आम्हाला घरातून हाकललं, आणि तो राग खरा होता. घर विकलं. निपाणीला भावाकडे खोल्या रिकाम्या आहेत, म्हणाले.

जायच्या दिवशी आम्ही सामान चढवायला गेलो. टेम्पो भरला, अक्का खाली जाऊन बसल्या, अण्णांचा पत्ता नाही. मी परत वर गेले. रिकाम्या हॉलच्या मधोमध ते एकटेच उभे होते. त्यांनी एक टाळी वाजवली, भिंतींवरून तिचा आवाज घुमून परत आला, आणि ते माझ्याकडे वळले तेव्हा डोळे नुसते चमकत होते.

"अगं, एवढी मोठी जागा होती होय ही? सामानात कळलंच नाही बघ. इथं काय नाटक झालं असतं."

खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. अण्णा भिंतीपासून पावलं टाकत मला दाखवत होते, पलंग इथे येईल, खिडकी तिकडे, आणि तू ह्या बाजूनं आत यायचं.