बाभळीवरचा बगळा

मे संपत आला की यवतमाळजवळच्या आमच्या तलावाचं पाणी मधोमध गोळा होतं आणि पक्षी तिथं दाटी करतात. त्यामुळे दर उन्हाळ्याअखेर आमचा गट सकाळी तिथं जातो. पुढे आमचे हे, मागे आम्ही सगळे. कचेरीतून रिटायर झाले, पण पक्ष्यांच्या बाबतीत ह्यांची साहेबी काही गेली नाही.

आमच्या गटाला एक वाईट खोड आहे. कोणी पक्ष्याचं नाव घेतलं की दुसऱ्यानं ते खोडून काढायचंच. "पाणकावळा!" "पाणकावळा कायचा, शराटी आहे!" भांडता भांडता पक्षी उडून जातो, पण माघार कोणी घेत नाही. सगळ्यात भांडखोर म्हणजे नेरचा आमचा कास्तकार मित्र. ह्यांच्याशी वाद घातल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

यंदा मात्र माझ्या जिवाला घोर होता. नागपूरच्या डॉक्टरांनी ह्यांना काचबिंदू सांगितला होता; त्यात नजर कडांकडून मिटत येते, समोरचं तेवढं शेवटपर्यंत उरतं. तपासणीच्या खोलीत हे एकटेच गेले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "डावा डोळा गेला, आता परत येत नाही. उजव्यानं सगळं दिसते. पण कोणाले सांगू नको. बिचारा म्हणतील, अन् मंग मले पुढं चालू देणार नाहीत." मी तोंडाला कुलूप लावलं. पण बाजारात उभ्या स्कूटरवर आदळणारा माणूस लोकांपासून काय लपणार, कप्पाळ!

त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. तलावाच्या पाळीवरून चालता चालता हे थांबले आणि दूरच्या बाभळीकडे बोट करून म्हणाले, "मोठा बगळा."

सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. मीही लावली. काट्यांत अडकलेली पांढरी प्लास्टिकची थैली होती ती, वाऱ्यानं फुगत होती.

"हो, बगळाच," एक जण म्हणाला. "बगळाच की," दुसरा. मी नेरच्या मित्राकडे पाहिलं. त्यानं दुर्बीण खाली केली. "बराबर आहे भाऊ. बगळाच आहे."

ह्यांचं बोट हळूहळू खाली आलं. "तू कवापासून माह्यं ऐकून राह्यला रे?"

मित्र दुर्बिणीचा पट्टा चाळू लागला.

"काय आहे ते? खरं सांगा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला असा संताप आला! माणसांचा नाही, त्यांच्या त्या मेल्या दयेचा. "थैली आहे," मी म्हटलं. "प्लास्टिकची."

मित्र "भाऊ, तसं नाही" करू लागला. ह्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. मला वाटलं, आता चिडतील, घरी चला म्हणतील. पण त्यांनी चाचपडत माझा खांदा शोधला. लग्नापासून चारचौघांत ज्यांनी माझं बोटही धरलं नाही, त्यांनी खांदा गच्च धरला. मला भडभडून आलं.

सगळे गप्प. नेरचा मित्र दुपट्ट्यानं डोळे पुसत होता. बऱ्याच वेळानं हे माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "गेले काय सगळे पुढं?"

सगळे आमच्या दोन्ही बाजूंना उभे होते, हात लांबवला तर लागतील इतके जवळ.