मंद दिव्याचा आवाज

आमच्या ह्यांना गाणं ऐकायचं भारी वेड. नव्वदच्या सुमाराला नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा एक अख्खी खोली गाण्यालाच दिली. भिंतींना जाड पडदे, दोन उंच स्पीकर आणि दाराजवळ दिवा मंद करायचं गोल बटण. डिमर म्हणतात त्याला. मेनरोडवरून हौसेनं आणला होता. नवीन लग्न झालेलं, मला वाटलं माझ्यासाठीच. कसलं काय!

हे समोरच्या भिंतीला टेकून बसले की म्हणायचे, "कर ना जरा मंद." मग उठायचं कोणी? मीच. बटण फिरवून दिवा अर्ध्यावर आणला की स्पीकरमध्ये भुंगा शिरल्यासारखा आवाज सुरू. घूंऽऽ. दिवा पूर्ण लावला की जायचा, बंद केला तरी जायचा. वायरमननं हात टेकले. "अहो, काढून टाका ना ते खूळ," मी म्हणायची. पण ह्यांना मंद उजेडाशिवाय गाणं रुचत नसे, आणि आवाज आला की चिडचिड. मला तर हसू आवरायचं नाही. किती सुखाची भांडणं होती ती.

मग हे मस्कतला नोकरीला गेले. दोन वर्षांसाठी. फोन महाग, म्हणून सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आपल्या आवाजात टेप केलेली कॅसेट पाठवायचे. मी ती त्याच खोलीत लावायची. एका खोलीत चौघं राहतो, डोक्यावर ट्यूबलाइट, झोप लागत नाही, असं सांगायचे. माझा जीव तुटायचा. दोनाची चार वर्षं झाली. प्रत्येक कॅसेटच्या शेवटी तेच, पुढच्या दिवाळीला नक्की येतो. आणि मी वेडी स्पीकरवरची धूळ पुसून ठेवायची.

एका संध्याकाळी नवी कॅसेट लावली, तर ह्यांच्या आवाजामागे घूंऽऽ. म्हटलं, आपलाच डिमर. दिवा बंद केला, अंधारात बसले. आवाज तसाच. म्हणजे तो कॅसेटमध्येच होता. तिकडे ट्यूबलाइट नव्हती, डिमर होता. असू दे, वेगळी खोली घेतली असेल, सांगायचं राहिलं असेल, मी स्वतःची समजूत घातली.

तेवढ्यात हे म्हणाले, "एकटाच आहे गं इथे, भिंतींशी बोलतोय," आणि त्याच वाक्यात तो आवाज एकदम वाढला. दिवा मंद झाला होता. ह्यांचं बोलणं मात्र अडखळलं नाही, माइकपासून तसूभरही हललं नाही. हे जागचे उठलेच नव्हते. उठलं होतं दुसरंच कुणीतरी.

मग उत्तर द्यायला कोरी कॅसेट घातली. एरवी मी अर्धा तास बडबडायची, शेजारपाजार, भाजीचे भाव, काय वाट्टेल ते. त्या दिवशी एवढंच बोलले.

"अहो, दिवा कोणी मंद केला?"

मनमाडचे एक ओळखीचे सुट्टी संपवून मस्कतला परत निघाले होते, त्यांच्या हाती ती दिली. तिचं उत्तर आलं नाही, आणि त्यानंतर कॅसेटही आली नाही.

त्या खोलीत मी अजून बसते. दिवा पूर्ण लावते. गाणं अगदी स्वच्छ ऐकू येतं. जरा मंद कर म्हणणारं कुणी नाही.