‘फक्त जवळच्यांसाठी’ टाकलेला फोटो

परवा आईचा फोटो टाकला होता. केमोनं केस गेलेले, तरी हसणारी. दिसणार होता फक्त तुम्हा जवळच्या लोकांना.

आज ताडकळसच्या बाजारात भाजीवाली आईला म्हणाली, "काकू, टकलाचा फोटो बघून लय वाईट वाटलं." आईनं डोक्यावरचा पदर ओढला आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आली.

स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकणारा निघाला माझाच चुलतभाऊ. फोन केला तर म्हणतो, "लोकांनी दुआ द्यावी म्हणून टाकला की!" दुआ म्हणे! माझ्या आईच्या आजारावर लाइक गोळा करायलाय निर्लज्ज. त्याला जवळच्यांच्या यादीतून हाकललं.

आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्यानं इचारलं न्हाई, खरंय. पण तू तरी कुठं इचारलंस?"

तो फोटो आता डिलीट केलाय. तुम्ही टाकण्याआधी विचारता का हो?