जबान त्याची, हात माझे

औरंगपुऱ्यात आमचं कूलरचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या भागीदाराचं. दुकान काढायचं ठरलं तेव्हा छावणीतल्या एका हॉटेलात चहा पिता पिताच कामाची वाटणी झाली. पत्रा कापणं, वाकवणं, ठोकणं माझ्याकडं. गिऱ्हाईकाशी बोलणं, भाव सांगणं त्याच्याकडं. "जबान मेरी, हाथ तेरे," तो म्हणाला. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण शब्द दिला म्हणजे दिला. तेव्हापासून मी कुणाला भाव सांगितला नाय आणि त्यानं माझ्या कात्रीला हात लावला नाय.

यंदा उन्हाळा तोंडावर आला आणि त्याचे गुडघे बसले. तो घरी. दुकानात मी एकटा, कूलर तयार आणि बोलायला माणूस नाय.

बजाजनगरहून एक नवरा-बायको आले. बाईनं कूलरवर हात फिरवला. "काका, हा केवढ्याला?"

"मालक घरी हायेत. ते आले की सांगतील."

"मग तुम्ही कोण?"

"मी बी मालकच."

नवरा बायकोला म्हणाला, "चल, काकांना ऊन लागलंय." गेले ते गेलेच.

अशी गिऱ्हाईकं रोजच माघारी जायला लागली. भागीदाराचा मुलगा बँकेत आहे. त्याच्या कानावर गेलं असावं. एका संध्याकाळी आला आणि स्टुलावर बसत म्हणाला, "चाचा, कुणी काय करायचं ते नव्यानं ठरवून टाकू. दुकानातलं सगळं तुम्हीच बघा. अब्बा आता घरीच बरे."

पोरगं गुणाचं, वाईट मनानं बोललं नाय. पण ते मला लई लागलं. भाव मीच सांगायला लागलो, तर भागीदाराची दुकानातली खुर्ची नुसती जागा अडवते असं वाटायला किती दिवस लागतात? थकलोय मीही. कात्री दाबली की मनगटातून कळ जाते. तरी एकट्याचं दुकान मला नको होतं.

त्याच्या घरी गेलो. गुडघ्यांना तेल लावून बाजेवर पडला होता.

"लडके का सुन ले, भाऊ. गिराक को भाव बोल दे."

"मियाँ, अपना सौदा क्या था?"

"सौदा घुटने देख के नै किए थे."

चहा न घेताच उठलो.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. मी कात्री खाली ठेवली आणि भाव सांगितला. ते म्हणाले, कमी करा. केला. आणखी म्हणाले. घासाघीस करायची ताकद नव्हती, म्हणालो, न्या. ते गेल्यावर भागीदाराला फोन लावला.

"एक विकला."

"झगडा हुआ?"

"नाय."

"दूसरी दुकान देखो, ऐसा एक बार भी नै बोला तू?"

"नाय."

"फिर बेचा नै तूने. दे दिया." मग म्हणाला, "कल आतूँ मैं. रिक्षा करके. तू तेरे पत्रे से मतलब रख."

गुडघ्यांचं मी विचारलं नाय. विचारलं असतं तर आलाच नसता.

आमच्या बोळात रिक्षा शिरत नाय. कोपऱ्यापासून दुकानापर्यंत चालावं लागतं. तेवढं अंतर त्याला आणायचं काम कुणाचं, हे आमच्यात कधी ठरलंच नव्हतं. सकाळी शटर अर्धं ओढलं आणि कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो.